‘धर्मगुरू खलनायक नको’ : चर्च आणि माध्यमांच्या नात्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या चित्रपट व्यवसायाने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहून घेतली. लिहिणारे दोघेही कॅथलिक : चित्रपट व्यवसायाचं नियतकालिक चालवणारे मार्टिन क्विग्ली आणि जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू डॅनियल लॉर्ड. धर्माबद्दलची कलमं मोजकीच होती. कुठल्याही श्रद्धेची टवाळी करायची नाही, विधी आदराने दाखवायचे आणि धर्मगुरूला पडद्यावर विदूषक किंवा खलनायक करायचं नाही. धर्मगुरूंबद्दलचं हे कलम लक्षात असू द्या. बहात्तर वर्षांनी त्याचा हिशेब चुकता झाला, तोही चित्रपटगृहात नव्हे, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर.

ख्रिस्ती श्रद्धा आणि माध्यमं हा विषय निघाला की एक बाजू म्हणते, माध्यमांनी मूल्यं बुडवली. दुसरी म्हणते, चर्च काळाच्या मागे राहिलं. इतिहास दोघांनाही साथ देत नाही. नवं माध्यम आलं की चर्च बहुतेक वेळा पहिल्याच रांगेत असतं. खटका उडतो तो ते माध्यम हातातून निसटल्यावर.

गुटेनबर्गचं नाव घेतलं की बायबल आठवतं. पण युरोपात सुटे खिळे जुळवून छापलेल्या आणि तारीख असलेल्या कागदांपैकी सर्वांत जुना कागद बायबलचा नाही, पापक्षमेच्या पत्राचा आहे. साल १४५४. सायप्रसच्या बचावासाठी पैसा उभा करायचा होता आणि दान देणाऱ्याला हे पत्र मिळायचं. मजकूर आधीच छापलेला, नाव आणि तारखेची जागा मोकळी. ती शाईने हाताने भरायची. आपल्या ओळखीचं पावतीपुस्तकच. पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने याच पत्रांच्या विक्रीवर ९५ मुद्दे काढले आणि छापखान्यांनी ते काही आठवड्यांत जर्मन शहरांमधून फिरवले. ज्या यंत्राने पत्रं छापली, त्यानेच त्यांच्यावरचा आक्षेपही छापला.

त्याआधीच, १५१५ मध्ये, पोप दहावे लिओ यांनी बिशपच्या किंवा धर्मन्यायाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुस्तक छापू नये, असा हुकूम काढला होता. १५५९ मध्ये रोमने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. ती १९६६ पर्यंत, म्हणजे माणूस अवकाशात जाऊन आल्यानंतरही, लागू होती.

चित्रपटाच्या बाबतीत तीच गोष्ट वेगळ्या साधनांनी घडली. १९३० ची आचारसंहिता पहिली चार वर्षं कागदावरच राहिली. मग बिशपांनी शालीनतेसाठी एक चळवळ उभी केली. रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी लोकांना उभं करून शपथ घ्यायला लावली जाई : अश्लील चित्रपट बघणार नाही, असले चित्रपट लावणाऱ्या थिएटरात पाऊल ठेवणार नाही. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डॉगर्टी यांनी तर १९३४ मध्ये आपल्या लोकांना सगळ्याच चित्रपटगृहांपासून दूर राहायला सांगितलं. गल्ला आटायला लागल्यावर स्टुडिओ वठणीवर आले. त्याच वर्षी जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या हाताखाली तपासणी कार्यालय सुरू झालं. त्याच्या शिक्क्याशिवाय चित्रपट लावला तर २५,००० डॉलर दंड. इथे सरकारचा कायदा नव्हता, पोलीस नव्हते. होती ती फक्त तिकीट न काढणाऱ्या भाविकांची ताकद. बहिष्काराचं इतकं चोख उदाहरण धर्माच्या इतिहासात फार सापडत नाही.

मात्र याच आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध दाखवायलाही बंदी होती. हे कलम कुठल्या शुभवर्तमानातून घेतलं, असं त्या वेळी कुणी विचारायला हवं होतं. मूल्यांच्या नावाखाली रूढी किती सहज आत शिरते, ते दिसतं. पुढे १९५२ मध्ये रोस्सेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’ या लघुचित्रपटाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ धर्मविटंबना होते म्हणून सरकारला चित्रपट रोखता येणार नाही. आचारसंहिता खिळखिळी होत १९६८ मध्ये संपली.

रेडिओबद्दल चर्चला उत्साहच होता. जानेवारी १९२१ मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने चर्चमधली उपासना प्रसारित केली होती, तेव्हा ते केंद्र सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकनचं केंद्र सुरू झालं. ते उभारलं खुद्द मार्कोनी यांनी आणि पोप अकरावे पायस त्यावरून लॅटिनमध्ये बोलले. त्याच काळात डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कफलिन रेडिओवरून कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचत होते. सुरुवात धर्मशिक्षणाने झाली, शेवट ज्यूद्वेषाने. १९४२ मध्ये त्यांच्या बिशपांनी त्यांना गप्प केलं. तोवर फार उशीर झाला होता, असं माझं मत.

टीव्हीची गोष्ट मात्र पैशाच्या अंगाने पाहिली तरच उलगडते. सुरुवातीला अमेरिकी केंद्रं लोकसेवा म्हणून प्रमुख चर्चसंस्थांना फुकट वेळ देत. १९६० मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने ठरवलं की विकलेल्या वेळेतला धार्मिक कार्यक्रमही लोकसेवेतच धरला जाईल. मग फुकट कोण देणार? वेळ विकत घेऊ शकणाऱ्यांनी पडदा घेतला, आणि वेळ विकत घ्यायची तर पडद्यावरून देणगी मागणं आलंच. प्रवचनाच्या शेवटी खाली सरकणारा फोन नंबर हा भक्तीचा नव्हे, या हिशेबाचा भाग होता. टीव्हीवरचे प्रवचनकार जिम बॅकर यांचं साम्राज्य १९८७ मध्ये कोसळलं. त्यांच्या गैरव्यवहारांचा पाठपुरावा करणाऱ्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्राला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि बॅकर यांना १९८९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता धर्मगुरूंबद्दलच्या त्या कलमाकडे. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंची आणि त्यांना एका धर्मग्रामातून (स्थानिक चर्चच्या हद्दीतून) दुसऱ्यात हलवणाऱ्या वरिष्ठांची बातमी देशपातळीवर सविस्तर मांडली ती ‘नॅशनल कॅथलिक रिपोर्टर’ने, १९८५ मध्ये. म्हणजे पहिला आवाज घरातूनच उठला होता. ऐकलं गेलं नाही. १९९२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी तर अशा बातम्यांवर चिडून माध्यमांवर, विशेषतः ‘बॉस्टन ग्लोब’वर, देवाच्या सामर्थ्याला पाचारण केलं. झाकली मूठ आणखी दहा वर्षं झाकलेलीच राहिली. ६ जानेवारी २००२ रोजी ‘ग्लोब’च्या शोधपथकाने पहिला लेख छापला. संपादक मार्टी बॅरन ज्यू होते, पथकातले बातमीदार कॅथलिक घरांत वाढलेले. पुरावा होता तो चर्चच्याच कपाटांतली पत्रं आणि नोंदी. मोहोरबंद कागदपत्रं खुली व्हावीत म्हणून वर्तमानपत्र न्यायालयात गेलं होतं. डिसेंबरमध्ये लॉ यांनी राजीनामा दिला. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा त्या वर्षी बातमीदारांनी बिशपांपेक्षा जास्त पाळली, असं म्हटलं तर कुणाला बोचेल. पण ते खरं आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ मध्ये माध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्र काढलं होतं आणि १९६७ पासून जागतिक संपर्क माध्यम दिन पाळला जातो. कागदावर भूमिका बदलली होती. सवय बदलायला वेळ लागला. २००९ मध्ये ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्या एका बिशपवरचा बहिष्कार उठवल्याने गदारोळ झाला, तेव्हा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी पत्र लिहून मान्य केलं की इंटरनेटवरची माहिती पाहिली असती तर हे आधीच कळलं असतं. त्यांनीच १२ डिसेंबर २०१२ रोजी पोपच्या खात्यावरून पहिलं ट्विट केलं. एका बाबतीत मात्र रोम हललेलं नाही : पडद्यावरून पापकबुली नाही, पडद्यावरून धार्मिक संस्कारविधी नाहीत. महासाथीत, २७ मार्च २०२० च्या पावसाळी संध्याकाळी व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे प्रार्थना करत असताना जगाने ते पाहिलं. पाहणं आणि सहभागी होणं यांतला फरक त्या दिवशी अनेकांना जाणवला असेल.

पुढे मार्च २०२३ मध्ये याच फ्रान्सिस यांचं फुगीर पांढरं जाकीट घातलेलं छायाचित्र जगभर फिरलं. चेहरा त्यांचा, गळ्यात क्रूस आणि चित्र पूर्णपणे संगणकाने बनवलेलं. लाखो लोकांना ते खरं वाटलं. २०२४ च्या संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात त्यांनी अशा बनावट प्रतिमांचा इशारा देताना, आपणही त्यांचं लक्ष्य झालो, असं नमूद केलं. १५१५ मध्ये निदान परवानगी कुणी मागायची ते ठाऊक होतं. या चित्राला छापखानाच नव्हता.