टोमॅटोचं तरू घरी टाकताय? कागद कधी काढायचा, एवढं वाचून जा

दिवाळी झाली, तरू म्हणजे लावायची रोपं घरी करायची वेळ आली, की आमच्या बियाण्याच्या दुकानात काउंटरवर दोनदा गर्दी होते. पहिल्यांदा बियाणं न्यायला, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मोबाईलवरचा फोटो दाखवायला. फोटो दरवर्षी तोच. ट्रेमध्ये दोऱ्यासारखी बारीक, फिकट, चार-चार बोटं लांब झालेली रोपं आणि त्यातली निम्मी एका अंगाला निजलेली. प्रश्नही ठरलेला, "बियाणं जुनं होतं काय हो?"

बियाणं जुनं असतं तर फोटो काढायला ट्रेमध्ये काही दिसलंच नसतं. ते उगवलं, चांगलं जोमानं उगवलं, पण अंधारात उगवलं. पेरल्यावर ट्रेवर झाकलेला काळा कागद एक-दोन दिवस उशिरा निघाला. दरवर्षी हे शंभर जणांना तोंडी सांगतो, म्हणून यंदा छापूनच घेतलं. पिशवीत टाकून देतोय, ट्रे भरण्याआधी वाचा.

प्रोट्रे म्हणजे खाचे असलेला प्लास्टिकचा ट्रे, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, झारी तुम्हाला ठाऊकच आहे. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, एवढा ओलावा पुरे. एका खाच्यात एक बी, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, वर चिमूटभर कोकोपीट. इथपर्यंत सहसा कोणी चुकत नाही. चूक पुढे आहे.

पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदानं झाकतात. आम्हीही आमच्या रोपवाटिकेत तसंच करतो. ऊब धरते, ओल टिकते आणि सगळं सारखं उगवतं. टोमॅटोच्या बीला उगवायला ऊब लागते, उजेड लागत नाही. मातीचं तापमान 25 अंशांच्या आसपास असलं तर सहाएक दिवसांत रोप वर येतं, 20 ला आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं, आणि 15 वरच अडकलं तर दोन आठवडेही जातात. आपल्याकडे कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 14-15 वर येतो, नदीकाठच्या गावांत पहाटे त्याहून गार वाटतं, पण दुपारी पुन्हा 28-30. म्हणजे उगवण किती दिवसांनी होणार, ते तुमचा ट्रे कुठं ठेवलाय त्यावर ठरतं. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर ठेवलेला ट्रे चौथ्या दिवशी मोड दाखवतो आणि शिरोळच्या मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीतला तोच ट्रे सातव्या दिवशीही गप्प असतो.

इथं थोडी चूक आमचीही आहे, ती कबूल करतो. पूर्वी आम्ही सरसकट "पाचव्या दिवशी कागद काढा" असं सांगायचो. लोक पाच दिवस मोजायचे. ज्याचं चौथ्या दिवशी उगवलं त्याची रोपं लांबली. ज्याचं पाचव्या दिवशी काहीच दिसलं नाही, त्यानं "अजून चार दिवस असू दे" म्हणून पुन्हा झाकलं आणि नवव्या दिवशी उघडलं. ते पाच दिवस आता विसरा. दिवस मोजू नका, ट्रे बघा. तिसऱ्या दिवसापासून सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा कागद उचलून बघायचं.

काय बघायचं? कोकोपीट जागोजागी किंचित फुगतं, त्याला भेग पडते, आणि भेगेतून पांढरट-हिरवा आकडा वर येतो. मान खाली घातलेला, छत्रीच्या मुठीसारखा. दोन पानं अजून बीच्या टरफलातच असतात. 98 खाच्यांच्या ट्रेमध्ये असे दहा-बारा आकडे दिसले की कागद त्याच घटकेला काढायचा आणि ट्रे उजेडात मांडायचे. सगळे 98 वर येण्याची वाट बघायची नाही. बहुतेक लोक अडकतात ते इथंच. "अजून निम्म्या उगवल्या नाहीत, आत्ताच कसा काढू?" असं म्हणतात. मागं राहिलेल्या बिया कागदाशिवायही उगवतात, फक्त वरची ओल जाऊ देऊ नका. पण जे आकडे आत राहिले, ते रात्रीत वाढतात. बीमध्ये साठवलेलं सगळं अन्न उजेड शोधत उंच होण्यात संपवतात. एकदा लांबलेली काडी पुन्हा आखूड होत नाही, मग तिला ऊन द्या नाहीतर खत द्या.

आम्ही हे शहाणपण फुकट शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत घरात लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी ढीग बघायचा राहिला, दुसऱ्या दिवशी अक्षता, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची पाठवणी. संध्याकाळी कागद काढून वरचा ट्रे उचलला तर खालच्या ट्रेमध्ये पांढऱ्या शेवया. वरच्या ट्रेच्या बुडाला अडून वाकड्या झालेल्या, काही खाच्यांत गुंतलेल्या. चाळीस ट्रे उकिरड्यावर ओतले. ते बियाणं कोणी बदलून दिलं नाही, कारण दोष बियाण्याचा नव्हताच. म्हणूनच लांबलेल्या रोपांचा फोटो दाखवून कोणी बियाणं बदलून मागितलं तर आम्हाला नाही म्हणावं लागतं. राग मानू नका. उगवणच झाली नाही तर मात्र पाकीट आणि बिल घेऊन या, त्यावरचा लॉट नंबर बघून पुढचं बोलू.

"पण आम्ही तर उजेडात ठेवलं होतं!"

हे दुसरं ठरलेलं वाक्य. कुठं ठेवलं होतं विचारलं की उत्तर येतं, हॉलमध्ये खिडकीजवळ. आपल्या डोळ्याला त्या खोलीत पेपर वाचता येतो म्हणून तो उजेड वाटतो. रोपाला तो संध्याकाळसारखा असतो. खिडकीपासून चार फूट आत आलात की उजेड किती पडतो ते रोपाच्या मानेवरून कळतं, सगळी रोपं खिडकीकडे वाकतात. पेरणी घरात झाली तरी चालेल, वाढ मात्र बाहेर झाली पाहिजे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी सगळ्यात उत्तम, पूर्वेची चालेल, उत्तरेच्या गॅलरीत तरू टाकू नका. गच्ची असेल तर प्रश्नच नाही. पहिले दोन-तीन दिवस शेडनेटखाली किंवा सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त.

यूट्यूबवर बघून दिवे आणि खालून गरम होणारी चटई विचारायलाही लोक येतात. आम्ही विकत नाही, आणि विकायला ठेवणारही नाही. ते व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथं शेवटचं हिमतुषार जाईपर्यंत सहा ते आठ आठवडे रोप घरात सांभाळावं लागतं. कोल्हापुरात 25 ते 30 दिवसांत रोप लागणीला, म्हणजे शेतात लावायला येतं. आपल्याकडचं ऊन फुकट आहे, ते वापरा. तिकडचं बघून आठ आठवडे ट्रेमध्ये ठेवलेलं रोप मुळांचा गुंता होऊन बसतं आणि ट्रेमध्येच कळी धरतं. ते शेतात गेल्यावर काय करणार?

तारखेचंही एकदा सांगून ठेवतो. उन्हाळी टोमॅटोचं बी डिसेंबरात किंवा फार तर संक्रांतीच्या आत पडलं पाहिजे. लागण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकली तर फुलं मार्चमध्ये येतात आणि फळ धरतं. शिमग्याच्या सुमारास बी टाकणाऱ्यांची फुलं ऐन उन्हाळ्यात येतात. पारा 35 च्या वर आणि रात्रीही गारवा नाही, अशात फुलं गळतात. तेव्हाही लोक फोटो घेऊन येतात, पण तो वेगळा फोटो.

आमची रोपं बुटकी का?

तयार रोपं घ्यायला आलेले काका-मावशी ट्रेमधली सगळ्यात उंच रोपं बोटानं दाखवून मागतात. आम्ही बुटकी देतो, म्हणून कुरबुर होते. तालमीत पोरगा घालताना वस्ताद उंची बघतो की मांडी? रोपाचंही तसंच. काडी पेन्सिलीएवढी नसली तरी शिसाहून जाड हवी, दोन पानांमधलं अंतर कमी हवं, चार-पाच खरी पानं हवीत, आणि खाच्यातून काढल्यावर पांढऱ्या मुळ्यांचा गड्डा अख्खा सुटून यायला हवा. रोप देण्याआधी चार-पाच दिवस आम्ही पाणी कमी करतो आणि शेडनेट काढून उन्हात ठेवतो. त्यामुळे पानं गडद, जराशी राठ दिसतात. "सुकवलीत की काय?" म्हणतात. सुकवली नाहीत, कणखर केलीत. शेतात दुपारी तुमच्यामागं छत्री धरायला कोणी नसतं.

त्याच कारणानं आम्ही 18-20 दिवसांची रोपं देत नाही, कितीही घाई असली तरी. कागलचे एक जुने गिऱ्हाईक दरवर्षी भांडतात आणि दरवर्षी 25 दिवसांचीच घेऊन जातात.

घरी तरू टाकणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. रात्रभर ओलं राहिलं की जमिनीलगत काडी पिचते, पाणी भरल्यासारखी होते आणि रोप कोलमडतं. तो मर रोग. लांबलेल्या, फिकट रोपांना तो आधी गाठतो. दिसला की पाणी तोडा, कोलमडलेली रोपं खाच्यासकट काढा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घालून झारीनं द्या. संकरित बियाण्याला बहुतेक वेळा रंगीत औषध लावलेलं असतं, ते धुऊ नका. धुऊन पेरणारे भेटले आहेत. कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं, म्हणून बाराव्या दिवसापासून आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम द्या. जास्त दिलंत तर पुन्हा उंचीच मिळेल.

पांढरी माशी मात्र हलक्यात घेऊ नका. ती बोकड्या, म्हणजे पानं आखडून गोळा होण्याचा विषाणू रोग, आणते, आणि तरूत लागलेला बोकड्या शेतात औषधानं जात नाही. मच्छरदाणी टाकली म्हणून निश्चिंत राहू नका, तिच्या भोकांतून माशी आरामात आत येते. 40 ते 50 मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) बारीक जाळी लागते, ती आमच्याकडे मीटरवर कापून मिळते. बोकड्याचा त्रास नेहमीचाच असेल तर बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेनं काढलेला अर्का रक्षक हा वाण घ्या, तो बोकड्याच्या, म्हणजे पर्णगुच्छ विषाणूला दाद देत नाही. परसात चार झाडं लावायची असतील तर राहुरी कृषी विद्यापीठाचं धनश्री किंवा जुनं पुसा रुबी हे वाण पुरे, तिथं महाग संकरित बियाण्याचा आग्रह आम्ही करत नाही.

आता लांबलीच असतील तर

सगळीच फेकू नका. टोमॅटोच्या काडीला मातीत गाडलं की मुळं फुटतात. काडीवरची बारीक लव बघा, तिथूनच सुटतात. म्हणून लांबलेलं रोप वरची तीन-चार पानं बाहेर ठेवून खोल लावायचं. खड्डा खोल जमत नसेल तर काडी सरीत आडवी निजवून शेंडा वर काढायचा, आणि गाडली जाणारी पानं आधी खुडायची. कुंडीत दोन-चार झाडं असतील तर हे झकास जमतं. दहा गुंठ्यांचं काम असेल तर नादाला लागू नका. मिरचीला हा खेळ लावू नका, तिच्या काडीला अशी सहज मुळं सुटत नाहीत.

दहा गुंठ्यांचा हिशेब सारखा विचारतात. चार फुटी सरी आणि दीड फुटावर रोप धरलं तर अठराशेच्या आसपास रोपं लागतात. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया येतात, म्हणजे 10 ग्रॅमचं पाकीट पुरून उरतं. ट्रे वीस भरा, एक-दोन सांडलवंडीला.

दहा गुंठ्यांच्या वर लागण असेल आणि घरी सकाळ-संध्याकाळ ट्रे बघायला माणूस नसेल, तर खरं सांगतो, तरू आमच्याकडेच टाका. बियाणं तुमचं दिलंत तरी चालेल, पाकीट तुमच्यासमोर फोडतो आणि रिकामं पाकीट ट्रेला टाचून ठेवतो. नोंदणी लागणीच्या तारखेच्या महिनाभर आधी, निम्मे पैसे आगाऊ. ट्रेची अनामत वेगळी, ट्रे परत आले की लगेच परत. फुटलेल्या ट्रेचे पैसे कापतो, यावरून वाद घालू नये. रोपं न्यायला संध्याकाळी चारनंतर या, दुपारच्या उन्हात टेम्पोच्या हौद्यात रोपं उघडी नेऊ नका. संक्रांतीच्या आठवड्यात जागा शिल्लक नसते, तेव्हा फोन करूनच निघा.