गुदाशयाचा कर्करोग: एका मिलिमीटरच्या वादाची पार्श्वभूमी

गुदाशयाच्या कर्करोगाची स्टेज आधी ठरायची ती ऑपरेशननंतर. १९३२ साली लंडनमध्ये मांडलेली वर्गवारी कापून काढलेल्या आतड्यावर बेतलेली होती. ऑपरेशनआधी डॉक्टरचे बोट हेच साधन, आणि त्याला कळायचे ते एवढेच, की गाठ हलते का चिकटली आहे. सीटी स्कॅनने यकृत आणि फुप्फुसे दाखवली, पण आतड्याच्या भिंतीचे थर त्यात सुटे दिसेनात. ते ऐंशीच्या दशकात, गुदाशयातून केलेल्या सोनोग्राफीत दिसू लागले. लहान, वरवरच्या गाठींसाठी ही तपासणी आजही चांगली आहे. मात्र गाठीभोवतीची नुसती सूजही तिला कर्करोगासारखीच दिसते.

रेडिएशन ऑपरेशननंतर दिले जाई तोवर ही चूक फारशी बाधत नव्हती, कारण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ती सुधारायचा. ते आधी द्यायचे ठरले आणि सुधारायची संधीच गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत केमो-रेडिएशन ऑपरेशनआधी दिल्यावर त्याच जागी रोग उलटण्याचे पाच वर्षांतले प्रमाण ६ टक्के होते, नंतर दिल्यावर १३ टक्के. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच चाचणीतला दुसरा आकडा क्वचितच सांगितला जातो: आधी ऑपरेशन झालेल्या गटात १८ टक्के रुग्णांचा आजार प्रत्यक्षात पहिल्या स्टेजचाच निघाला. तपासणीने तो वाढवून सांगितला होता. दुसऱ्या गटातल्या तशाच रुग्णांना गरज नसताना रेडिएशन मिळाले असणार, आणि शौचावरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता त्यात गेली तर ती परत येईलच असे नाही. इमेजिंगच्या अचूकतेबद्दल बोलताना सुरुवात या १८ टक्क्यांपासून व्हावी, असे मला वाटते.

एमआरआयने प्रश्नच बदलला. गाठ कोणत्या थरात आहे यापेक्षा ती कडेपासून किती दूर आहे, हे महत्त्वाचे ठरले. पण कड म्हणजे नेमके काय, इथे घोळ आहे. ‘सीआरएम’, म्हणजे काढलेल्या भागाची भोवतालची कड, हा शब्द मुळात पॅथॉलॉजिस्टचा. १९८६ मध्ये काढलेल्या आतड्याचे आडवे काप करून पाहिले तेव्हा कळले की गाठ बाजूच्या कडेला पोचलेली असेल तर रोग बहुधा तिथेच उलटतो. ही कड सर्जनच्या सुरीने तयार होते. ऑपरेशनआधी ती नसतेच. एमआरआयला दिसते ते मेसोरेक्टमभोवतीचे (गुदाशयाला वेढणाऱ्या चरबीभोवतीचे) आवरण, म्हणजे मेसोरेक्टल फॅशिया. सर्जन त्या आवरणाला धरून नीट बाहेरून गेला तरच दोन्ही रेषा जुळतात. शिवाय गुदाशयाच्या वरच्या भागात पुढच्या बाजूला पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचे पातळ अस्तर) असते, फॅशिया नसते. तरी स्कॅनच्या रिपोर्टांत ‘सीआरएम पॉझिटिव्ह’ (कड मोकळी नाही) असे सर्रास लिहिले जाते. ‘फॅशियापासून अंतर इतके’ असे लिहिणे जास्त प्रामाणिक.

अंतर किती असावे, हा पुढचा वाद. २००१ च्या एका डच अभ्यासाचे म्हणणे असे, की कापून काढलेल्या नमुन्यात किमान १ मिलिमीटर मोकळी कड मिळेल याची खात्री हवी तर एमआरआयवर ५ मिलिमीटर दिसायला हवेत. पुढे युरोपातल्या चार देशांतल्या ११ केंद्रांनी मिळून ४०८ रुग्ण तपासले. २००६ च्या त्या अहवालात ज्यांची कड प्रत्यक्षात मोकळी निघाली त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांची एमआरआयने आधीच बरोबर ओळखली होती. त्याच गटाने २०११ मध्ये १ मिलिमीटर पुरेसा असल्याचे मांडले. एक आणि पाचच्या मधले रुग्ण थोडे नाहीत. जुना आकडा धरला तर त्यांतल्या अनेकांना रेडिएशन सुचवले जाईल. माझा कल १ मिलिमीटरकडे आहे, पण पातळ कापांचा, गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेला स्कॅन असेल तरच.

लसिकाग्रंथींत कर्करोग पोचला आहे का, ही गोष्ट अजून अडलेलीच आहे. ९० अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये काढलेल्या निष्कर्षात सोनोग्राफी, सीटी, एमआरआय या तिन्हींची संवेदनशीलता (रोग असलेल्यांपैकी किती ओळखले, ते प्रमाण) ५५ ते ६७ टक्क्यांत अडकली. ग्रंथीच्या आकारमानावर भिस्त ठेवल्याचा तो परिणाम. खडबडीत कडा आणि आतला असमान रंग पाहणे त्याहून भरवशाचे.

आणि पडताळणीची अडचण वेगळीच. त्या ४०८ पैकी ३११ जणांचे थेट ऑपरेशन झाले होते, म्हणून त्यांचा स्कॅन नमुन्याशी ताडून पाहता आला. गाठीच्या खोलीतला सरासरी फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत निघाला. मोठी, कडेला टेकलेली गाठ असलेल्यांना मात्र आधी केमो-रेडिएशन मिळते, गाठ आकसते, आणि त्यांचा पहिला स्कॅन बरोबर होता की नाही हे ताडायला मूळ गाठ उरतच नाही.