स्लँट, पॅराफिन आणि गाळणकागद : जिवाणूंचे वाण जपण्यामागची पार्श्वभूमी

1880 च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अगारचे (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, थिजणाऱ्या पदार्थाचे) घट्ट माध्यम वापरात आले आणि एक जिवाणू इतरांपासून वेगळा काढणे सोपे झाले. पण वेगळा काढलेला वाण वर्षानुवर्षे जसाच्या तसा ठेवायचा कसा, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे. कापसाचा बोळा लावलेल्या नळीतला स्लँट, म्हणजे नळी तिरकी ठेवून थिजवलेले अगारचे माध्यम, हळूहळू सुकतो, आक्रसून काचेपासून सुटू लागतो आणि त्यावरचे जिवाणू मरतात. म्हणून त्याआधीच लूपने (टोकाशी वळे असलेल्या तारेने) थोडी वाढ उचलून नव्या स्लँटवर न्यावी लागते. प्रागमध्ये फ्रांतिशेक क्राल यांनी 1890 च्या सुमारास उभारलेला जगातला पहिला सार्वजनिक संग्रह अशा सबकल्चरवरच टिकून होता.

सबकल्चरचा खरा धोका दूषित होण्याहून खोल आहे, कारण प्रत्येक वेळी वाण थोडा बदलू शकतो. काल्मेत आणि गेराँ यांनी 1908 ते 1921 या काळात गोवंशीय क्षयाच्या जिवाणूचे सुमारे 230 वेळा सबकल्चर केले, त्यात त्याची रोग जडवण्याची शक्ती क्षीण झाली आणि बीसीजी लस मिळाली. पुढे तोच वाण अनेक देशांत गेला, प्रत्येक प्रयोगशाळेने तो आपापल्या नळ्यांत वाढवत ठेवला आणि एकाच लशीचे परस्परांहून वेगळे उपवाण तयार झाले. हे बदलणे थांबले ते गोठवून वाळवलेले मूळ बियाणे जपण्याची पद्धत रुळल्यावर. प्रतिजैविकांच्या चाचणीसाठी प्रमाण वाण सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

गोठवून वाळवण्याला निर्वात पंप लागतो. 1949 मध्ये गोठताना पेशींना वाचवण्याचा ग्लिसरॉलचा गुण उघड झाल्यावर उणे 80 अंशांचे फ्रीझर वाणांचे घर बनले, पण त्यांना अखंड वीज लागते, आणि भारनियमनाच्या गावात तीच नसते.

अशा ठिकाणी उपयोगी पडणारी पद्धत जुनीच आहे. 1914 मध्ये ऑग्युस्त ल्युमिएर (सिनेमावाल्या ल्युमिएर बंधूंपैकी एक) आणि शेव्रोतिए यांनी परम्याच्या जिवाणूवर तेलाचा थर देऊन तो अधिक काळ जिवंत ठेवला. निर्जंतुक लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) स्लँटच्या वरच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटर वर येईल इतके ओतले की माध्यम सुकत नाही, प्राणवायू कमी पोहोचतो आणि वाढ मंदावते. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघालेले पॅराफिन पाण्याच्या अंशाने गढूळ दिसते. ते ओव्हनमध्ये तापवून नितळ झाल्यावरच वापरावे. तेलाने माखलेली लूप थेट ज्योतीत धरली तर थेंब तडतडून उडतात आणि त्यांबरोबर जिवंत जिवाणूही, त्यामुळे रोगकारक वाणांच्या बाबतीत लूप थेट ज्योतीत न धरण्याची काळजी सोडून चालत नाही. हायड्रोकार्बन (पॅराफिनसारखी तेले) पचवणाऱ्या जिवाणूंना मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते.

वाळवण्याचेही स्वस्त मार्ग आहेत : निर्जंतुक माती, सिलिका जेल, किंवा साय काढलेल्या दुधात मिसळून गाळणकागदाच्या तुकड्यांवर सुकवलेले जिवाणू. वनस्पतींना मर आणणारा राल्स्टोनिया तर साध्या निर्जंतुक पाण्यात, खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो, उलट स्लँटवर तो आपली रोगक्षमता लवकर गमावतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यामुळे तिथल्या यादीतला वाण गमावला तर तो पुन्हा मागवता येतो. तालुक्याच्या रुग्णालयात एखाद्या रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा काढलेला वाण मात्र बहुधा त्या एकाच नळीत असतो. त्याच दिवशी त्याची एक प्रत तेलाखाली आणि दुसरी कागदावर सुकवून ठेवायला अर्धा तासही लागत नाही.