पारा नदीत पडला, विष चिखलात तयार झालं

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात ड्रायडन नावाचं गाव आहे. तिथल्या कागदगिरणीला लगदा पांढरा करायला क्लोरीन लागायचा. तो बनवायला मिठाच्या पाण्यातून वीज सोडत आणि त्या यंत्रणेत विद्युतअग्र म्हणून पारा वापरत. 1962 ते 1970 या काळात तिथून सुमारे 9 ते 10 टन पारा वाबिगून नदीत गेला. नदीच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉग या अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या ताटात रोज वॉलआय नावाचा मासा असे. रोजगारही माशांचाच होता: मासेमारी, आणि गळ टाकायला येणाऱ्या पर्यटकांना पाणी दाखवायचं वाटाड्याचं काम. 1970 मध्ये माशांत पारा सापडला, मासेमारी बंद झाली, आणि जेवण व मजुरी दोन्ही एकदम गेली. 1975 मध्ये जपानहून डॉ. मासाझुमी हारादा तिथे आले. जपानमधल्या मिनामाता इथे पाऱ्याने विषबाधा झालेल्या रुग्णांत त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या खुणा त्यांना इथेही दिसल्या: हातापायांची बधिरता, चालताना तोल जाणं, बाजूचं दिसेनासं होणं.

कारखान्याने विष सोडलं आणि लोकांनी ते खाल्लं, एवढ्यावर ही गोष्ट बहुतेकदा संपवली जाते. मला ती अर्धीच वाटते. नदीत गेला तो पारा आणि माशात सापडला तो, यांत मोठा फरक होता. तो फरक कुठे पडतो हे कळायला शास्त्रज्ञांना काही दशकं लागली, आणि तोवर उत्तरेकडच्या माणसांनी त्याची किंमत मोजली.

ताप मोजायची काचेची नळी फुटल्यावर फरशीवर पळणारे चकचकीत मणी आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी कागदावर गोळा केले आहेत. त्या पाऱ्याची वाफ श्वासावाटे आत जाणं धोक्याचं. पण तो पोटात गेला तर बहुतांश तसाच बाहेर पडतो. पाऱ्याच्या अणूला कार्बन आणि हायड्रोजनचा एक छोटा गट चिकटला की मात्र सगळं बदलतं. त्याचं मिथाइलमर्क्युरी होतं. ते आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, मेंदूत पोचतं आणि वार ओलांडून गर्भापर्यंतही जातं. शरीरातून ते फार हळू बाहेर पडतं. म्हणून कीटकापेक्षा छोट्या माशात जास्त, छोट्या माशापेक्षा मोठ्या शिकारी माशात त्याहून जास्त, असं ते चढत जातं. वॉलआय किंवा पाइकसारख्या माशात त्याचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींच्याही पुढे जाऊ शकतं.

मिनामातात कारखान्यातूनच मिथाइलमर्क्युरी बाहेर पडत होतं. त्यामुळे साधा पारा तळाशी बसेल आणि तिथेच पडून राहील, अशी समजूत साठच्या दशकातही टिकून होती. ती स्वीडनमध्ये मोडली. बियाण्याला चोळायच्या पाराजन्य औषधाने तिथे पक्षी मरत होते, आणि तळ्यांतल्या पाइक माशांतही पारा सापडत होता. गुन्नेल वेस्टो या महिला रसायनशास्त्रज्ञाने 1966 मध्ये दाखवलं की माशातला जवळजवळ सगळा पारा मिथाइल रूपात आहे. आता कोडं पडलं. कागदगिरण्या आणि क्लोरीनचे कारखाने तर दुसऱ्याच रूपातला पारा सोडत होते, मग हे कुठून आलं? 1969 मध्ये सोरेन येन्सेन आणि आर्ने येर्नेलोव्ह यांनी उत्तर छापलं. तळ्याच्या तळाचा गाळ काचेच्या टाकीत घेऊन त्यात साधं पाराक्षार घातलं, की काही दिवसांत त्या गाळात मिथाइलमर्क्युरी तयार होत होतं. काम गाळातल्या जिवाणूंचं होतं. त्याच सुमारास नॉर्वेहून कॅनडात शिकायला आलेले नॉरवाल्ड फिमराइट सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा मोजत होते. 1970 मधल्या मासेमारीबंदीची सुरुवात तिथून झाली.

पण चिखलापेक्षाही मोठा कारखाना उत्तरेत पसरला होता, तो म्हणजे पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदल. स्फॅग्नम शेवाळाचा वरचा थर पाय ठेवला की स्पंजासारखा दबतो आणि बुटाभोवती कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमा होतं. हात-दोन हात खाली गेलं की प्राणवायू जवळपास संपलेला असतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या श्वसनाचा. प्राणवायूऐवजी सल्फेट वापरणारे हेच जिवाणू पाऱ्याला मिथाइल गट जोडतात, हे 1980 च्या दशकात नीट सिद्ध झालं. लोहावर जगणाऱ्यांत आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांतही काही जण हे करतात, हे त्यानंतर कळलं. त्यामागची दोन जनुकं तर 2013 मध्ये सापडली. दलदलीत पारा हवेतून येतो, कुजणारा पाला असतोच, आणि सल्फेट आम्लवर्षाव पुरवतो. कारखाना शेकडो किलोमीटर दूर असला तरी चालतं.

धरणं बांधायला लागल्यावर हे सगळं एकदम उघडं पडलं. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतात 1976 मध्ये चर्चिल नदी वळवली आणि सदर्न इंडियन सरोवराची पातळी चढली, तशी तिथल्या माशांतला पाराही वाढला. तिथे कारखाना नव्हताच. जेम्स उपसागराजवळच्या ला ग्रांद नदीवर क्वेबेक प्रांताने महाकाय जलाशय भरले, आणि पाइकमधला पारा कित्येक पट झाला. पाण्याखाली गेलेली माती आणि शेवाळ कुजलं, प्राणवायू संपला, जिवाणूंची चंगळ झाली. तिथल्या चिसासिबी गावच्या क्री या मूळनिवासी लोकांना आपल्याच नदीचा मासा कमी खा असं सांगावं लागलं, आणि 1986 मध्ये पाऱ्याबाबत वेगळा करार करावा लागला. शिकारी माशांतलं प्रमाण पूर्वपदावर यायला वीस-तीस वर्षं लागतात. धरणात बुडालेली जमीन म्हटल्यावर आपल्याकडे विस्थापन आठवतं. इथे बुडालेल्या जमिनीने जेवणही नासवलं होतं.

ग्रासी नॅरोजपासून फार लांब नसलेल्या भागात, केनोरा गावाजवळ, 1968 मध्ये पन्नासहून अधिक तळी खास संशोधनासाठी राखून ठेवली गेली. तळंच्या तळं प्रयोगाला घ्यायची, अशी तिथली पद्धत. 1993 मध्ये त्यातल्या 979 क्रमांकाच्या तळ्याभोवतीची दलदल मुद्दाम बुडवली, आणि मिथाइलमर्क्युरीची निर्मिती 39 पट झाली. त्याहून देखणा प्रयोग 658 क्रमांकाच्या तळ्यावर झाला. 2001 ते 2007 या काळात पाऱ्याचे तीन वेगवेगळे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे, म्हणून ओळखता येणारे अणू) टाकले: एक डोंगरउतारावरच्या जंगलात, एक दलदलीत, एक थेट पाण्यात. जणू प्रत्येक थेंबावर पत्ता लिहिला होता. तळ्यात पडलेला पारा लवकरच माशांत दिसला. जंगलात पडलेला माती आणि पानांनी धरून ठेवला. पारा टाकणं थांबवल्यावर पुढच्या आठ वर्षांत माशांतला हा खुणेचा पारा घटला: पाइकमध्ये 76 टक्के, व्हाइटफिशमध्ये 38 टक्के. 2022 मध्ये छापून आलेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण हवेत जाणारा पारा कमी केला तर एका माणसाच्या हयातीतच फरक पडतो, हे त्यातून दिसतं. पाऱ्याला आळा घालायचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार 2017 पासून लागू आहे. तो सरकारांकडे हेच मागतो.

वाबिगूनचं मात्र वेगळं आहे. तिथला पारा गाळातच बसलेला आहे. 1980 च्या दशकात तो झाकायचे उपाय सुचवले गेले. नदी आपोआप साफ होईल म्हणत ते बाजूला पडले. 2017 मध्ये प्रांताने सफाईसाठी 8.5 कोटी डॉलरची घोषणा केली. मग 2024 मध्ये वेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जे सांगितलं ते येन्सेन आणि येर्नेलोव्ह यांच्या टाकीतल्या गाळाशी थेट जुळतं. ड्रायडनची गिरणी आता पारा सोडत नाही, पण तिच्या सांडपाण्यात सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य आहे, आणि त्यावर पोसलेले जिवाणू पन्नास वर्षांपूर्वीच्या पाऱ्याचं आजही मिथाइलमर्क्युरी करत आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रासी नॅरोजने प्रांत आणि केंद्र या दोन्ही सरकारांना कोर्टात खेचलं.