सगळीच काळ्या दगडाची देवळं हेमाडपंताची नाहीत

आपल्या विदर्भात फाट्यावरच्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हमखास ऐकू येतं, "हेमाडपंतानं बांधलं, तेही एका रात्रीत!" दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख मात्र शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख तर इ.स. १०६० चा. ही बांधणी हेमाडपंताच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती. नाव तेवढं त्याचं चिकटलं.

आणि एका रात्रीचं म्हणाल, तर मंडपात उभं राहून एकदा वर बघा. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड, त्यांवर पुन्हा तिरके, असं करत छताची मोकळी जागा आवळत आणलेली असते. चुना नाही; घडीव दगड खाचेत खाच बसवून स्वतःच्याच वजनावर तोललेले. एकाच खांबात कुठे चौकोन, कुठे अष्टकोन, कुठे गोल. पाथरवटांच्या पिढ्यांची ही कमाई आहे, आणि श्रेय त्यांनाच मिळायला हवं.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली या सांध्यांत सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते आणि दगड फुटतो.