हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी तेल: मालिशच्या टेबलावरच्या दोन बाटल्या

दोन्ही बाटल्यांवर तेच कातरलेलं हिरवं पान, दोन्हींवर ‘हेम्प’ (भांगेचं झाड) हा शब्द, आणि ऑनलाइन दुकानात दोन्ही स्नायूदुखीच्याच रकान्यात. एकीची किंमत मात्र दुसरीच्या कित्येक पट. खेळाडूंची मालिश करणाऱ्याने या दोहोंत गल्लत केली तर कधी पैसे वाया जातात, कधी खेळाडूची डोपिंग चाचणी अडचणीत येते.

हेम्प सीड ऑइल म्हणजे बिया दाबून काढलेलं तेल. कॅनाबिनॉइड, म्हणजे सीबीडी आणि नशा आणणारं टीएचसी यांसारखी या झाडाची खास रसायनं, तयार होतात ती मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या आणि त्यालगतच्या पानांवरच्या राळेच्या बारीक ग्रंथींत. बीच्या आत नाही. टरफलाला बाहेरून चिकटलेली राळ काय तेवढी तेलात उतरते. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2021 मध्ये या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा टीएचसीला तेलात किलोमागे 5 मिग्रॅ आणि सीबीडीला 75 मिग्रॅ अशी कमाल मर्यादा घातली. म्हणजे 30 मिली तेलात फार तर 2 मिग्रॅ सीबीडी. तेवढ्याच आकाराच्या सीबीडीच्या बाटलीत 300 किंवा 1000 मिग्रॅ असतं.

सीबीडी तेल हा अर्क आहे. अल्कोहोलने किंवा उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने तो काढतात आणि मग तिळाच्या तेलात, एमसीटीत (सहसा खोबरेल तेलापासून काढलेलं पातळ तेल) किंवा चक्क हेम्प सीड ऑइलमध्येच विरघळवतात. गोंधळाचं मूळ इथेच आहे. भारतात हा माल बहुतेक आयुष (आयुर्वेदिक औषधांच्या) परवान्याखाली ‘विजया’ या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने विकला जातो. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची सुटी पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून लेबलवर ‘विजया पत्र’, म्हणजे भांगेची पानं, असं दिसतं.

लेबल वाचताना घटकांची यादी आधी पाहावी. ‘कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल’ एवढंच असेल तर ते बियांचं तेल, पुढे जाहिरात काहीही म्हणो. ‘1000 मिग्रॅ हेम्प ऑइल’ हा तर सरळ चकवा: तो आकडा तेलाच्या वजनाचा असतो, म्हणजे एक ग्रॅम तेल. आकड्यासमोर ‘सीबीडी’ किंवा ‘कॅनाबिडिओल’ लिहिलेलं हवं, आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक प्रयोगशाळेच्या अहवालावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा.

बियांचं तेल मालिशला वाईट नाही. पातळ असतं, हात सरसर फिरतो, पायावरून लांब हात फिरवायला 10-15 मिली पुरतं. खोल घर्षणाला, म्हणजे अंगठ्याने एकाच जागी दाबून चोळायला, मात्र ते फार निसरडं. तिथे दोन-चार थेंबच घ्यावेत, नाहीतर अंगठा स्नायूच्या तंतूवर न थांबता घसरतो. त्याची खरी खोड वेगळी. निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल आणि वर अल्फा-लिनोलेनिक, त्यामुळे जवसाच्या तेलासारखंच ते लवकर खवट होतं. गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवावं आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्यावं. एक भाग हे आणि तीन भाग तीळतेल असं मिश्रण हाताला जास्त बरं वाटतं. या तेलाने भिजलेले टॉवेल ढीग करून ठेवू नयेत. असं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतं. धुऊनही तेल उरलेले टॉवेल ड्रायरमधून गरम काढून एकावर एक रचले तर आपोआप पेटू शकतात. गरम पाण्यात सोडा घालून धुवावेत आणि दोरीवर पसरून वाळवावेत.

सीबीडी तेलाची चूक बरोबर उलटी होते: ते मालिशच्या तेलासारखं ओतलं जातं. 300 मिग्रॅची बाटली अर्ध्या लिटर तेलात मिसळली तर मिलीमागे जेमतेम 0.6 मिग्रॅ उरतं. एका पायाला 12 मिली लागलं, तर जांघेपासून घोट्यापर्यंत मिळून 7 मिग्रॅ. त्यापेक्षा मालिश साध्या तेलाने करावी, कोमट ओल्या फडक्याने तेल नीट पुसावं, आणि मग मूळ बाटलीतलं 1 मिली, म्हणजे 10 मिग्रॅ, फक्त दुखऱ्या जागी दोन-तीन मिनिटं जिरवावं. आधीचा थर पुसला नाही तर सीबीडी त्या तेलातच विरघळून वर राहतं. चरबीत विरघळणारं असल्यामुळे तसंही ते त्वचेच्या वरच्या थरात अडकतं आणि रक्तात फार थोडं पोचतं.

व्यायामानंतर दुखणाऱ्या स्नायूंवर लावायच्या सीबीडीचा पुरावा तुटपुंजाच आहे. दहा मिनिटांत गार वाटलं तर श्रेय मेन्थॉलचं. अशा बाटल्यांत मेन्थॉल, कापूर किंवा गंधपुरा तेल बऱ्याचदा असतं. गंधपुऱ्यात मिथाइल सॅलिसिलेट असल्यामुळे ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांना आणि वॉरफरिन घेणाऱ्यांना ते लावू नये. वरून गरम पिशवी ठेवू नये, त्वचा भाजते.

आता डोपिंग. वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) 1 जानेवारी 2018 पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलं, पण फक्त सीबीडी. बाकीचे सगळे कॅनाबिनॉइड स्पर्धेच्या काळात बंदच आहेत, आणि हा काळ स्पर्धेच्या आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो. टीएचसीची मर्यादा लघवीत मिलीलीटरमागे 150 नॅनोग्रॅम आहे. ‘फुल स्पेक्ट्रम’ तेलात, म्हणजे झाडातले सगळे कॅनाबिनॉइड ठेवलेल्या अर्कात, टीएचसी असतंच. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’मध्ये ते काढलं तरी सीबीजी, सीबीएन हे दुसरे कॅनाबिनॉइड राहतात, आणि तेही बंद. त्वचेतून लघवीत मर्यादा ओलांडण्याइतकं टीएचसी उतरणं कठीण आहे, पण नमुन्यात काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच. मालिशवाल्याने काय लावलं हे ठाऊक नव्हतं म्हणून ती टळत नाही. म्हणून चाचणी होऊ शकणाऱ्या धावपटूला, कबड्डीपटूला किंवा पैलवानाला लावायचंच असेल तर ‘आयसोलेट’ (निव्वळ सीबीडी), अहवालावर टीएचसी न आढळलेलं, आणि तेही सरावाच्या दिवसांत. स्पर्धेच्या आठवड्यात टेबलावर तीळतेल ठेवावं. हा नियम मालिश करणाऱ्याच्या स्वतःच्या हातांनाही लागू आहे: दिवसभर तेल त्याच्याच तळव्यांवर सर्वांत जास्त वेळ राहतं. तोही स्पर्धेत उतरणारा असेल तर नायट्राइलचे हातमोजे घालावेत. लेटेक्सचे तेलाने फाटतात.