रोजगार न्यायाधिकरण, ब्रिटनमधील : पूर्ण सुनावणीपूर्वी दावा फेटाळणे

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील रोजगार न्यायाधिकरणाने कामगाराचा दावा सर्व साक्षीपुरावा न ऐकता प्राथमिक टप्प्यावरच निकालात काढणे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था स्वतंत्र आहे. या न्यायाधिकरणांचा आरंभ १९६४ चा धरावा की १९७१ चा, याविषयी दुमत संभवते. १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने ती स्थापन झाली, पण तेव्हा त्यांच्यापुढे प्रशिक्षण-करासंबंधी मालकांची अपिले येत. अन्याय्य बडतर्फीचे दावे १९७१ च्या कायद्यामुळे आले. प्रस्तुत विषयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सध्याचे नाव १९९८ च्या कायद्याने मिळाले.

फेटाळणीचे सर्वांत कठोर कारण म्हणजे दावा दाखल करण्याची मुदत टळणे. ती दीर्घकाळ तीन महिन्यांत एक दिवस कमी अशी आहे : १० मार्चला नोकरी गेली, तर ९ जूनपर्यंत हालचाल हवी. २०२५ च्या कायद्यात ती सहा महिने करण्याची तरतूद आहे. अकॅस या संस्थेकडे सलोख्यासाठी अर्ज केल्यास मुदतीची गणना थांबते. २०१४ पासून हा टप्पा बहुतेक दाव्यांना सक्तीचा असून अकॅसच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नसलेला दाव्याचा अर्ज परत येतो. कंपनीतले अंतर्गत अपील प्रलंबित असले, तरी मुदत थांबत नाही. पामर खटल्यात (१९८४) चोरीच्या आरोपावरून बडतर्फ झालेल्यांची फौजदारी शिक्षा पुढे रद्द झाली, तरी उशिराचा दावा टिकला नाही. वेळेत अर्ज करणे त्यांना ‘वाजवीपणे शक्य’ होते, असे ठरले. भेदभावाच्या दाव्यांत मात्र मुदतवाढ ‘न्याय्य व उचित’ आहे का, ही सैल कसोटी लागते.

यशाची वाजवी शक्यताच नाही म्हणून दावा काढून टाकणे हे सर्वांत वादग्रस्त कारण. अन्यानवू प्रकरणात (२००१) हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) भेदभावाचे दावे अगदी उघड प्रकरणांखेरीज असे काढू नयेत, असे म्हटले. अहिर प्रकरणात (२०१७) अपील न्यायालयाने, खरोखरच पोकळ दावा काढण्यास कचरू नये, अशी पुस्ती जोडली. दोन्हींत विरोध नसून भर वेगळा आहे, असे म्हणणे इष्ट. शक्यता अत्यल्प असेल, तर दावा न काढता प्रत्येक आरोपामागे १,००० पौंडांपर्यंत अनामत मागता येते. ती न भरल्यास तो आरोप निघतो.

अर्जदार कायद्याच्या अर्थाने ‘कर्मचारी’च नसणे, परकीय राज्याची प्रतिरक्षा (त्या राज्यावर येथे दावा चालवता न येणे), आदेशांचे पालन न करणे, दाव्याचा पाठपुरावा सोडणे ही इतर कारणे होत.